मांडवाखालची सोआवे

आधी उच्चार क्लिअर करूया, सोव्ह नाही, सोएव्ह नाही, सो-आ-वे. हे गावाचं नाव आणि तिथल्या व्हाइट वाइनचंही. इटलीतल्या वेरोनाहून पूर्वेला वीस-पंचवीस किलोमीटरवर, डोक्यावर स्कालिजेर या वेरोनाच्या जुन्या राजघराण्याचा किल्ला, आणि मागच्या टेकड्यांवर द्राक्षं.

द्राक्ष कुठलं, तर गार्गानेगा. साल जाड, घड लांबुळका, पिकायला उशीर, सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. आणि वेल चढवतात मांडवावर! तिकडे त्याला पेर्गोला म्हणतात, पण आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला तिथं उभं केलं तर तो मांडवच म्हणेल. पानांच्या सावलीत घड लोंबतात, उन्हानं करपत नाहीत. फक्त मांडवाची एक गोम आहे, माल धरायचा म्हटलं तर तो वाट्टेल तेवढा धरतो, आणि मग चव पातळ होते.

सोआवेचं नेमकं तेच झालं. १९६८ ला डीओसीचा, म्हणजे ठरलेल्या हद्दीतल्या वाइनला मिळणारा इटलीचा सरकारी दर्जा मिळाला, पण त्या हद्दीत टेकड्यांबरोबर खालची सपाट, सुपीक जमीनही आली. तिकडे अमेरिकेत मागणी तुफान, मग काय, टनावारी माल आणि सोआवे म्हणजे स्वस्त, पाणचट, थंड करून ढोसायची वाइन असं नाव पडलं ते पडलंच. माझ्या मते यात द्राक्षाचा काडीचा दोष नव्हता.

आता पिएरोपान, सोआवेतलं वाइन बनवणारं एक घराणं. १८८० साली गावातल्या एका डॉक्टरांनी, लेओनिल्दो पिएरोपान यांनी हे घर सुरू केलं. बाटलीवर सोआवे हे नाव छापणाऱ्या सुरुवातीच्या घरांपैकी हे एक. खरी गंमत नातवाची, त्याचंही नाव लेओनिल्दोच, पण सगळे नीनो म्हणायचे. आजूबाजूला सगळे लिटर मोजत असताना या माणसानं १९७१ मध्ये एकाच बागेची वाइन वेगळी बाटलीत भरली आणि लेबलवर बागेचं नाव टाकलं, काल्वारिनो. तेव्हा सोआवेमध्ये असं कोणी करत नव्हतं. मग १९७८ ला दुसरी, ला रोक्का, किल्ल्याच्या अगदी पायथ्याची.

या दोन बाटल्या शेजारी ठेवून प्यायला हव्यात. काल्वारिनोची जमीन ज्वालामुखीची, काळा बसॉल्ट, म्हणजे आपल्या दख्खनच्याच जातीचा दगड, वाइनमध्ये गार्गानेगाबरोबर थोडं त्रेब्बियानो दि सोआवे नावाचं दुसरं द्राक्ष. लाकूड अजिबात नाही, काचेचं अस्तर लावलेल्या सिमेंटच्या टाक्यांत मुरते. वासाला पांढरी फुलं, जिभेवर आंबटसर धार, आणि घोट गिळल्यावर मागाहून जरासा कडवट बदाम. तो बदाम आला की समजायचं गार्गानेगा भेटलं. ला रोक्का मात्र चुनखडीतली, निव्वळ गार्गानेगा, उशिरा खुडलेलं, लाकडी पिंपातलं, त्यामुळे भरदार, थोडी मधाळ. मला विचाराल तर काल्वारिनोच, पण घरात यावरून भांडण होतं.

आणि गोड प्रकार राहिलाच, रेचोतो. तिकडच्या बोलीत रेचा म्हणजे कान, घडाच्या वरच्या दोन बाजूंना फुटलेले छोटे घोस, ते सगळ्यात चांगले पिकतात. हे घड चटयांवर पसरून काही महिने हवेवर सुकवायचे. तासगावला बेदाण्याची शेड बघितली असेल तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल, फरक एवढाच की आपण लवकर सुकावं म्हणून डिपिंग ऑइल लावून पंधरा-वीस दिवसांत मोकळे होतो आणि त्यांना पूर्ण सुकवायचंच नसतं, रस आटून दाट झाला की पिळायचं. पिएरोपानच्या रेचोतोचं नाव ले कोलोंबारे.

नीनो २०१८ मध्ये गेले. आता मुलं बघतात, आंद्रेआ आणि दारिओ. पिएरोपानची साधी सोआवे क्लासिको, म्हणजे जुन्या मूळ हद्दीतली सोआवे, हल्ली स्क्रूकॅपमध्ये येते, बुचाचा अभिमान बाळगणाऱ्या देशात हे म्हणजे धाडसच, पण मला फार आवडलं, कारण मागच्या पिकनिकला ओपनर मीच विसरलो होतो.