युरेनिलचा हिरवा प्रकाश : दिवा आणि तापमापक

बोअरवेलच्या पाण्यातलं युरेनियम मोजणाऱ्या मंडळींना फ्लुओरिमीटर परिचयाचा आहे. नमुन्यात ५ टक्के सोडियम पायरोफॉस्फेटचं, सामू ७ च्या आसपास आणलेलं द्रावण घालायचं, अतिनील किंवा जांभळा झोत टाकायचा आणि उठणारा हिरवा प्रकाश मोजायचा. प्रयोगशाळा तापली की तोच नमुना कमी आकडा दाखवतो. विश्लेषक हा दोष मानतो आणि प्रमाणित युरेनियम थोडं थोडं घालून दुरुस्ती करतो. आज आपण हाच दोष तापमापक म्हणून कसा वापरता येतो ते बघू.

उजळणारा घटक आहे युरेनिल आयन : मध्ये युरेनियम, दोन टोकांना दोन ऑक्सिजन, तिन्ही एका सरळ रेषेत. युरेनियम–ऑक्सिजन अंतर सुमारे १.७७ अँगस्ट्रॉम. कंबरेभोवती चार ते सहा जागांवर इतर लिगँड, म्हणजे धातूला चिकटणारे रेणू किंवा आयन, बसतात; पाण्यात साधारण पाच पाण्याचे रेणू. युरेनियम इथे +६ अवस्थेत आहे, म्हणजे त्याच्याकडे एकही ५एफ इलेक्ट्रॉन नाही. मग प्रकाश येतो कुठून? ऑक्सिजनवरचा इलेक्ट्रॉन युरेनियमच्या रिकाम्या एफ कक्षकात उडी मारतो आणि परत येताना प्रकाश देतो. ही उडी नियमांनुसार जवळपास निषिद्ध असल्यामुळे परतायला वेळ लागतो. आम्लयुक्त पाण्यात तो एक-दोन मायक्रोसेकंद असतो, तर फॉस्फोरिक आम्लात किंवा स्फटिकात शेकडो मायक्रोसेकंदांपर्यंत जातो. स्टोक्सने १८५२ मध्ये पिवळ्या युरेनियम काचेवर अभ्यास केला तो याच प्रकाशाचा. १८९६ मध्ये हेन्री बेक्वेरेलने पोटॅशियम युरेनिल सल्फेट निवडलं तेही ते चमकतं म्हणून. किरणोत्सार हाती लागला तो त्या ओघात.

आता वर्णपट बघा. आम्लयुक्त पाण्यात ४८८, ५०९, ५३३, ५५९ नॅनोमीटर असे एकामागून एक दात, म्हणजे तीव्रतेची शिखरं, दिसतात. त्यांच्यातलं ऊर्जेचं अंतर दर सेंटिमीटरला सुमारे ८६० तरंगसंख्या (वर्णपटात ऊर्जा मोजायचं एकक), म्हणजे तळच्या अवस्थेतल्या ऑक्सिजन–युरेनियम–ऑक्सिजन ताणाचं कंपन. ४८८ च्या डावीकडे, ४७० जवळ, एक छोटा कंगोरा आहे. बहुतेक जण त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, पण आपल्याला तोच हवा आहे. उत्तेजित अवस्थेत आधीच एक कंपन घेऊन बसलेले आयन तिथून प्रकाश देतात. उत्तेजित अवस्थेतलं कंपन थोडं ढिलं, सुमारे ७२० तरंगसंख्यांचं धरू. असे आयन किती हे बोल्ट्समनच्या सूत्राने (दिलेल्या तापमानाला वरच्या ऊर्जेच्या अवस्थेत किती कण असतील ते सांगणारं सूत्र) ठरतं : ३०० केल्व्हिनला सुमारे ३.२ टक्के, ३५० ला सुमारे ५.२ टक्के. म्हणून ४७० आणि ४८८ च्या तीव्रतांचं गुणोत्तर हाच तापमापक. दिव्याचा जोर बदलला, नमुना थोडा सरकला, तरी दोन्ही दात सारखेच बदलतात आणि गुणोत्तर टिकतं.

संवेदनशीलता कागदावर काढता येते : कंपनाची ऊर्जा भागिले बोल्ट्समन स्थिरांक आणि तापमानाचा वर्ग. ३०० केल्व्हिनला उत्तर येतं सुमारे १.१५ टक्के प्रति केल्व्हिन. म्हणजे गुणोत्तर एक टक्का अचूक मोजलं तर तापमान पाऊण-एक अंशात मिळेल. पण एक टक्का अचूकतेसाठी लहान दातात किमान दहा हजार फोटॉन हवेत, आणि ढोबळमानाने मोठ्यात तीन लाखांहून जास्त. त्याच सूत्राने १०० केल्व्हिनला १० टक्के प्रति केल्व्हिन अशी देखणी संवेदनशीलता निघते, पण तिथे उष्ण, म्हणजे ४७० च्या, दातासाठी आयनच उरत नाहीत. शोधनिबंधात नुसता संवेदनशीलतेचा आकडा छापलेला दिसला की मी आधी त्या तापमानाला किती प्रकाश उरतो ते बघतो.

द्रावणात करून बघायचं तर २५ मिलिलिटर १ मोलर फॉस्फोरिक आम्लात सुमारे ६३ मिलिग्रॅम युरेनिल नायट्रेट हेक्साहायड्रेट विरघळवा, ०.००५ मोलर होतं. ४०५ नॅनोमीटरचा एलईडी, क्वार्ट्झ क्युव्हेट (नमुन्याची चौकोनी कुपी), प्रकाश टिपणाऱ्या शोधकासमोर ४३० च्या आसपासचा लाँग-पास फिल्टर (त्याहून लांब तरंगलांबीच पुढे जाऊ देणारा), आणि पीटी-१०० हा प्लॅटिनमचा तापमान संवेदक थेट द्रावणात. क्युव्हेट धरणाऱ्या ठोकळ्याचं तापमान द्रावणाचं मानू नका. फॉस्फेटमध्ये दात पाच-सात नॅनोमीटर लाल बाजूला सरकतात, म्हणून मोजणीच्या खिडक्या पुस्तकातून न घेता स्वतःच्या वर्णपटावरून ठरवा. १० ते ६० °से. पर्यंत पाच-पाच अंशांनी चढा, प्रत्येक पायरीला दहा मिनिटं थांबा आणि तसेच उतरा. चढती आणि उतरती रेषा जुळली नाही, तर नमुना बदलला आहे. युरेनियम नसलेल्या आम्लाचा वर्णपट प्रत्येक वेळी वजा करा, कारण ४७० जवळ दिव्याची शेपटी आणि काचेची स्वतःची चमक दोन्ही येऊन मिसळतात.

घोटाळे होतात ते बहुधा रसायनामुळे. क्लोराइड हा पहिला शत्रू. पाण्यातल्या युरेनिलची चमक काही मिलिमोलर क्लोराइडनेही ठळक घटते. ब्रोमाइड-आयोडाइड तर त्याहून वाईट. उपकरणं हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊ नका. सामू मोजायला इलेक्ट्रोड थेट नमुन्यात बुडवू नका, त्यातून पोटॅशियम क्लोराइड झिरपतं. वेगळा भाग काढून मोजा. अल्कोहोल, ॲसिटोनचे अवशेषही नकोत : उत्तेजित युरेनिल जबरदस्त ऑक्सिडीकारक आहे, सेंद्रिय रेणूचा हायड्रोजन ओढून स्वतःच क्षपित होतं. विरघळलेल्या ऑक्सिजनने मात्र ते फारसं विझत नाही; ऑक्सिजनला हळव्या असलेल्या रुथेनियमच्या कॉम्प्लेक्सपेक्षा (कॉम्प्लेक्स म्हणजे धातूभोवती लिगँड बांधलेलं संयुग) ही मोठी सोय आहे.

जास्त फसवणारी गोष्ट जलविच्छेदन, म्हणजे पाण्याशी होणारी अभिक्रिया. सामू तीन-चारच्या वर गेला की दोन किंवा तीन युरेनियम असलेले हायड्रॉक्साइड आयन तयार होतात आणि त्यांचे दात वेगळ्या जागी पडतात. तापमान वाढलं की हे जलविच्छेदनही वाढतं. मग गुणोत्तर बदललं ते कंपनामुळे की नव्या आयनामुळे, हे वर्णपटाच्या एका जोडीवरून सांगता येत नाही. कॅलिब्रेशनची रेषा सुंदर येते आणि सामू जरा वेगळा असलेल्या पुढच्या नमुन्यात साफ चुकते. चमकेचा आयुष्यकाल (ती किती वेळ टिकते) मोजून तापमान काढण्याच्या पद्धतीला हे संकट आणखी भोवतं, कारण आयुष्यकाल शेजारच्या प्रत्येक रेणूला प्रतिसाद देतो. १ मोलर आम्ल घ्यायचं ते यासाठीच.

म्हणून माझा कल घन कॉम्प्लेक्सकडे आहे. कंबरेच्या जागा कार्बोक्झिलेट लिगँडनी घट्ट बांधल्या, पाणी बाहेर काढलं, की आजूबाजूचं रसायन गोठतं आणि तापमान एवढंच बदलत राहतं. गंमत अशी की पाण्यात चमक विझवणारं क्लोराइड सीझियम युरेनिल क्लोराइडच्या स्फटिकात थेट युरेनियमला बांधलेलं असूनही तो स्फटिक छान उजळतो. ऑक्सफर्डच्या डेनिंग यांनी युरेनिलच्या इलेक्ट्रॉनी अवस्था उलगडल्या त्या मुख्यतः याच स्फटिकावर. घनातले धोके वेगळे. युरेनिल नायट्रेट हेक्साहायड्रेट ६० °से. ला वितळतं, तेव्हा त्याच्यावर तापमापक बांधणं व्यर्थ. जाड स्फटिक ४७० चा प्रकाश स्वतःच शोषतो आणि तापमान कमी दाखवतो. पातळ थर घेऊन समोरच्या बाजूने मोजा. शिवाय लेसर स्वतः नमुना तापवतो. तटस्थ फिल्टरने (सगळे रंग सारखेच मंद करणाऱ्या) झोत निम्मा करा. गुणोत्तर हललं तर तुम्ही लेसरचीच ऊब मोजताय.

युरेनिलशेजारी युरोपियम हा लाल चमकणारा धातू बसवणारी संयुगंही आहेत. युरेनिल प्रकाश पकडतं, ऊर्जा युरोपियमला देतं आणि ६१६ जवळ लाल रेघ येते. तापमानाबरोबर हिरवा लालपेक्षा लवकर मंदावला तर फरक डोळ्यांनाही दिसतो. पण इथे सोपं बोल्ट्समन सूत्र चालत नाही. प्रत्येक संयुगाचं, खरं तर प्रत्येक वेळी बनवलेल्या घाण्याचं, वेगळं कॅलिब्रेशन करावं लागतं.

शरीरात किंवा घरगुती वस्तूत हे तापमापक जाणार नाहीत. युरेनियम–२३८ चा अर्धायुष्यकाल ४४७ कोटी वर्षं असल्याने किरणोत्सार मंद आहे. खरा धोका मूत्रपिंडांना होणाऱ्या रासायनिक विषबाधेचा. भारतात युरेनियमवर कायद्याचं नियंत्रण आहे, तेव्हा परवानगी आधी, वजनकाटा नंतर. माझ्या मते या पद्धतीची खरी जागा जिथे युरेनियम आधीच आहे तिथे : ग्लोव्हबॉक्समधलं (हातमोजे जडवलेल्या बंद पेटीतलं) नायट्रिक आम्लाचं द्रावण, किंवा ट्रायब्युटिल फॉस्फेट या सेंद्रिय द्रावकात काढलेला युरेनियमचा थर. तिथे तार आत न्यायची गरज नाही. खिडकीतून झोत टाकला की तोच वर्णपट तापमानही सांगतो आणि युरेनियम कोणत्या रूपात आहे तेही. फक्त दोन्ही उत्तरं एकाच जोडीतून काढू नका; दातांच्या जागांवरून रूप आधी ठरवा, गुणोत्तर मग वाचा.