बारांतले दोन

[दृश्य: लॉस एंजेलिस कोलिझियम. जुनं, फिकट रंगांचं चित्रण. भरलेलं मैदान.]

२६ सप्टेंबर १९८१. अमेरिकेतल्या विद्यापीठीय फुटबॉलचे अव्वल दोन संघ समोरासमोर उभे आहेत. एक यूएससी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, आणि दुसरा ओक्लाहोमा. अगदी शेवटच्या क्षणी यूएससी हा सामना २८-२४ असा जिंकतो. दोनशेहून अधिक टीव्ही केंद्रांवरून तो दाखवला गेला. त्याच आठवडाअखेरीला सिटाडेल आणि अ‍ॅपलाचियन स्टेट या दोन छोट्या संघांचा सामनाही टीव्हीवर आला, फक्त चार केंद्रांवरून.

प्रक्षेपणाचे पैसे मात्र चारही संघांना सारखेच मिळाले.

आज हे कुणाला खरं वाटणार नाही. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात हे उदाहरण नोंदलेलं आहे, आणि पुढच्या चाळीस वर्षांची गोष्ट तिथूनच सुरू होते.

[दृश्य: सरावाचं मैदान. हेल्मेट, खांद्यावरचे पॅड, लांबट चेंडू.]

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नाही. इथे चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळतात किंवा फेकतात, आणि समोरच्याला अंगावर घेत जमीन इंचाइंचाने जिंकतात. अमेरिकेत हा खेळ विद्यापीठांनी वाढवला. पहिला आंतरविद्यापीठ सामना १८६९ सालचा, रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातला. व्यावसायिक संघ फार नंतर आले. आजही मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट यांच्या मैदानांत लाखावर माणसं बसतात.

जवळपास प्रत्येक विद्यापीठ एका गटात खेळतं. त्याला म्हणतात कॉन्फरन्स. शेजारपाजारच्या विद्यापीठांनी एकत्र यायचं, दरवर्षी एकमेकांशी खेळायचं, एवढी साधी ही व्यवस्था. त्यातूनच पिढ्यान्‌पिढ्यांची हाडवैरं तयार झाली. आजोबा ज्या संघाला हरवायला गेले होते, त्याच संघाला हरवायला नातू जातो. माझ्या मते या खेळाची खरी दौलत हीच होती. ती कुठल्या करारात लिहिलेली नव्हती, म्हणून तिची किंमत कुणी लावली नाही.

[दृश्य: सर्वोच्च न्यायालयाची इमारत, वॉशिंग्टन.]

तेव्हा टीव्हीवरचे सगळे सामने एकच संस्था ठरवत असे: एनसीएए, विद्यापीठीय खेळांची देशव्यापी नियामक संस्था. दोन वर्षांत कुठल्याही संघाने सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर यायचं नाही, असा तिचा नियम होता. मोठ्या संघांना हे सलू लागलं. प्रेक्षक आमच्यासाठी टीव्ही लावतात, मग पैसे सगळ्यांना सारखे का? ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं न्यायालयात गेली.

जून १९८४ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी मोडीत काढली. विरोधी मत लिहिलं न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी. तरुणपणी ते कोलोरॅडो विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू होते. विद्यापीठाचा खेळ म्हणजे निव्वळ धंदा नव्हे, त्याला धंद्याचे नियम जसेच्या तसे लावू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर बहुमताचा निकाल मला योग्यच वाटतो. सगळ्या देशाचे सामने एका संस्थेने मुठीत ठेवावेत, याला काही आधार नव्हता. पण एनसीएए बाजूला झाल्यावर त्या जागी सगळ्यांच्या हिताचा विचार करणारं कुणी आलं नाही. आधी कॉन्फरन्स आल्या आणि त्यांच्या मागोमाग वाहिन्या.

लगेच पैशांचा पूर आला असंही झालं नाही. सुरुवातीला बाजारात इतके सामने आले की भाव उलट पडले. पण केबल घरोघर पोचत होती आणि चित्र पालटत होतं. नोत्र दाम विद्यापीठाने एनबीसी या वाहिनीशी स्वतंत्र करार केला. अर्कान्सास आपली जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स सोडून एसईसी, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये गेलं, आणि १९९६ मध्ये ती साउथवेस्ट कॉन्फरन्सच बंद पडली.

[दृश्य: न्यू जर्सी. घरांच्या रांगा, तारा, केबलची पेटी.]

आता केबलच्या बिलाकडे पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे.

२००७ मध्ये बिग टेन या कॉन्फरन्सने फॉक्सच्या भागीदारीत स्वतःची वाहिनी काढली. अशा वाहिनीची कमाई केवळ जाहिरातींवर नसते. केबल पॅकेजमध्ये ती असली की दर घरामागे दर महिन्याला ठरावीक रक्कम कापली जाते, मग त्या घरात कुणी सामना पाहो न पाहो. आणि ज्या राज्यात कॉन्फरन्सचा संघ आहे तिथला दर बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त.

हे गणित समजलं की २०१४ मध्ये बिग टेनने मेरीलँड आणि रटगर्सला का घेतलं ते कळतं. रटगर्सचा संघ त्या काळी काही मैदान गाजवत नव्हता. पण रटगर्स न्यू जर्सीत आहे, आणि न्यू जर्सीला लागून न्यूयॉर्क. मेरीलँडला लागून राजधानी वॉशिंग्टन. बिग टेनने दोन संघ घेतले, त्यांच्याबरोबर लाखो केबलजोडण्या आल्या. रटगर्सच्या शेजारी एडिसन हे गाव आहे, जिथे मराठी घरं पुष्कळ आहेत. ज्यांनी या खेळाचा एकही सामना पाहिला नसेल अशा घरांच्या बिलातूनही हा पैसा जात होता.

[दृश्य: पॅसिफिक किनारा. पोर्टलंड शहर.]

पश्चिम किनाऱ्यावरची कॉन्फरन्स या सगळ्यांत जुन्यांपैकी एक. डिसेंबर १९१५ मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार संस्थांनी ती स्थापन केली: बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, वॉशिंग्टन, ओरेगन, आणि ओरेगनचं कृषी महाविद्यालय, जे आज ओरेगन स्टेट म्हणून ओळखलं जातं. १९१७ मध्ये वॉशिंग्टन स्टेट आलं. पुढे स्टॅनफर्ड, यूएससी आणि लॉस एंजेलिसचंच दुसरं विद्यापीठ यूसीएलए. जॅकी रॉबिन्सन बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडण्याआधी यूसीएलएकडून याच कॉन्फरन्समध्ये फुटबॉल खेळले होते. एनसीएएची सर्वाधिक सांघिक विजेतेपदं याच कॉन्फरन्सच्या संघांकडे होती. २०११ मध्ये सदस्य बारा झाले आणि नाव पडलं पॅक-ट्वेल्व्ह.

त्याच वर्षी त्यांनी ईएसपीएन आणि फॉक्स यांच्याशी बारा वर्षांचा, सुमारे ३ अब्ज डॉलरचा करार केला. तेव्हा तो सगळ्यांत मोठ्या करारांपैकी होता. पण स्वतःची वाहिनी काढताना त्यांनी भागीदार घेतला नाही. डायरेक्टटीव्ही या मोठ्या उपग्रह सेवेशी त्यांचं कधीच जमलं नाही. म्हणजे कॉन्फरन्सच्या चाहत्यांनाही घरबसल्या आपलेच सामने दिसेनात. शिवाय पश्चिमेला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना पूर्वेकडे रात्री दहाला सुरू होतो. निम्मा देश तोवर झोपायच्या तयारीला लागलेला असतो.

दरम्यान २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी बिग ट्वेल्व्ह ही आपली कॉन्फरन्स सोडून एसईसीत जायचं ठरवलं. मग ३० जून २०२२ ला बातमी आली: यूएससी आणि यूसीएलए बिग टेनमध्ये जाणार. लॉस एंजेलिस ही अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची टीव्ही बाजारपेठ, आणि ती एका दिवसात पॅक-ट्वेल्व्हच्या हातून गेली. दोनच महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, ७ अब्ज डॉलरहून मोठा करार केला.

उरलेले दहा जण काय करत होते? वाट पाहत होते. त्यांची कमकुवत प्रतिस्पर्धी समजली जाणारी बिग ट्वेल्व्ह त्याच शरद ऋतूत घाईने वाहिन्यांच्या दारात गेली आणि दर विद्यापीठामागे वर्षाला ३ कोटी १७ लाख डॉलर पदरात पाडून मोकळी झाली. पॅक-ट्वेल्व्हचे कुलगुरू जास्त भावासाठी अडून राहिले. महिने उलटले, वाहिन्यांची तिजोरी रिकामी होत गेली. शेवटी २०२३ च्या उन्हाळ्यात कॉन्फरन्सचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, जॉर्ज क्लियावकॉफ यांच्या हातात एकच ठोस प्रस्ताव उरला, अ‍ॅपलचा. सामने बहुतांशी इंटरनेटवरून दिसणार आणि मोठी कमाई किती वर्गणीदार मिळतात त्यावर ठरणार.

[दृश्य: शून्य कॅमेरा-हालचाल. पडद्यावर एकामागून एक विद्यापीठांची नावं मावळतात.]

२७ जुलैला कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्टला, शुक्रवारी सकाळी, उरलेले कुलगुरू सह्या करायला जमणार होते. त्याच सकाळी वॉशिंग्टन आणि ओरेगन यांनी बिग टेनची वाट धरली. संध्याकाळपर्यंत अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली यांना एसीसीने घेतलं. ही अटलांटिक किनाऱ्याची कॉन्फरन्स, आणि ही दोन विद्यापीठं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीजवळची. सुरुवातीची काही वर्षं टीव्हीच्या पैशातला पूर्ण वाटा मागणार नाही, हेही त्यांना कबूल करावं लागलं.

एकशे आठ वर्षांची कॉन्फरन्स. बारांतले दहा गेले. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट तेवढे उरले.

या दोघांनी काय चूक केली होती? मी पुष्कळ शोधलं. दोघांचे संघ चांगले खेळत होते. दोघांचं मैदान भरत होतं. चूक एवढीच की एक कोरव्हॅलिसमध्ये आहे आणि दुसरं पुलमनमध्ये. शेतीवाडीच्या मुलखातली ही छोटी विद्यापीठ-गावं. वाहिन्यांच्या कोष्टकात तिथली घरं थोडी पडतात. ओरेगन स्टेटने ही कॉन्फरन्स १९१५ मध्ये स्थापन केली होती, पण कोष्टकात स्थापनेला रकाना नाही.

दोघे न्यायालयात गेले. निघालेल्या दहांनी जाता जाता कॉन्फरन्सचा खजिना आणि कारभार ताब्यात ठेवू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. वॉशिंग्टन राज्यातल्या जिल्हा न्यायाधीशांनी ते मान्य केलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. त्याच महिन्यात वॉशिंग्टनने ओरेगनला ३४-३१ असं हरवून शेवटचं विजेतेपद घेतलं. एकही सामना न हरता तो संघ थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात गेला. मोडताना ही कॉन्फरन्स मैदानावर दुबळी नव्हती.

[दृश्य: ओक्लाहोमा, स्टिलवॉटर. नोव्हेंबर २०२३. प्रेक्षक मैदानात उतरलेले.]

हाडवैराचं काय झालं ते इथे दिसतं. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट हे १९०४ मध्ये प्रथम भिडले, आणि १९१० पासून दरवर्षी न चुकता. ४ नोव्हेंबर २०२३ ला ओक्लाहोमा स्टेट २७-२४ ने जिंकलं. त्यानंतर हा सामना वेळापत्रकातून गेला. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांनाही २०११ नंतर तेरा वर्षं एकमेकांशी खेळता आलं नाही. २०२४ मध्ये दोघे पुन्हा एका कॉन्फरन्समध्ये आले तेव्हा कुठे तो सामना परतला. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेटचा अ‍ॅपल कप हा सामना टिकला, पण नोव्हेंबर अखेरचा मान सोडून सप्टेंबरमध्ये सरकला. २०२४ चा तो सामना सिएटलमध्ये झाला आणि मागे सोडलेल्या वॉशिंग्टन स्टेटने तो २४-१९ असा जिंकला. त्या दिवशी पुलमनला किती बरं वाटलं असेल!

फुटबॉलचा संघ आठवड्याला एकच सामना खेळतो, तोही खास विमानाने जाऊन. खरा भार पडतो तो व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस खेळणाऱ्या मुलामुलींवर. त्यांचे सामने आठवड्यात दोन-तीन, परीक्षाही त्याच आठवड्यात. आणि लॉस एंजेलिसहून रटगर्स जवळपास ४,००० किलोमीटर, तीन तासांच्या वेळेचा फरक. टीव्हीचे हे अब्जावधी डॉलर त्यांच्या खेळासाठी आलेले नाहीत, पण विमानतळावरच्या रात्री त्यांच्या वाट्याला आल्या.

आणि फुटबॉल खेळणाऱ्यांनाही कित्येक दशकं शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो, आणि त्याच्या हाताखालचा खेळाडू विनावेतन खेळत होता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी दर विद्यापीठामागे सुमारे २ कोटी डॉलरपर्यंत. हे व्हायलाच हवं होतं, आणि फार उशिरा झालं. पण हा पैसा उभा करायला प्रत्येक विद्यापीठ आता आणखी मोठ्या कराराच्या शोधात आहे.

[दृश्य: नकाशा. रेषा एका कॉन्फरन्समधून दुसरीत सरकतात.]

उरलेल्या दोघांनी पॅक-ट्वेल्व्ह पुन्हा उभी करायला घेतली. त्यासाठी बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट हे पाच संघ माउंटन वेस्ट या कॉन्फरन्समधून आणायचं ठरलं, २०२६ पासून. मग माउंटन वेस्टने आपली खिंडारं बुजवायला टेक्सस एल पासो आणि नॉर्दर्न इलिनॉय यांना आणलं. त्यांच्या जुन्या कॉन्फरन्सना मग आपापली खिंडारं पडली. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच तो पुढच्याच्या दारात नेऊन ठेवला, हे पाहून वाईट वाटतं. पण त्यांच्यापुढे दुसरा रस्ता कोणता होता, हे मला सांगता येत नाही.

एक उपाय समोर आहे, आणि तो आजमावलेला आहे. नोत्र दामचा फुटबॉल संघ कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, तरी त्याच विद्यापीठाचे इतर बहुतेक संघ २०१३ पासून एसीसीत खेळतात. म्हणजे टीव्हीचा फुटबॉल वेगळा ठेवता येतो आणि बाकीचे खेळ जवळच्या शेजाऱ्यांशी खेळता येतात. पोहणाऱ्या, धावणाऱ्या मुलांना देश ओलांडायला लावण्याचं कारण उरत नाही. कुलगुरूंनी ठरवलं तर यासाठी न्यायालयात जावं लागत नाही.

यापुढची बोलणी कधी, हेही ठरलेलं आहे. बिग टेनचा करार २०३० मध्ये संपतो, बिग ट्वेल्व्हचा त्यानंतर वर्षभराने. एसीसीचा ईएसपीएनशी करार २०३६ पर्यंत आहे, पण फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी खटले भरल्यावर २०२५ मध्ये तडजोड झाली, आणि आता तिथल्या पैशाचा एक भाग कुणाचे सामने किती लोक पाहतात त्यावर वाटला जातो. पूर्वी कॉन्फरन्सच्या दारावर होणारी ही मोजणी आता आत, सदस्यासदस्यांमध्ये होते आहे.