धागा तुटला, कळवायचं कुणाला? सी-शार्पमधले डेलिगेट आणि इव्हेंट

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर आपण लिहितोय असं धरा. ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो. तेव्हा दिवा लागला पाहिजे, नोंद झाली पाहिजे, जॉबरला (माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीला) मेसेज गेला पाहिजे. हे सगळं 'माग' क्लासमध्येच कोंबलं, तर चौथं काम आलं की पुन्हा मागाचाच कोड उघडावा लागतो.

मागाने फक्त 'धागा तुटला' एवढंच सांगावं. ही हाक म्हणजे इव्हेंट, आणि ती ऐकून काम करणारी मेथड म्हणजे हँडलर. ऐकणाऱ्या मेथडचे पॅरामीटर आणि रिटर्न टाइप कसे हवेत, हे डेलिगेट ठरवतो. बहुतेक वेळा तो स्वतः लिहावा लागत नाही, 'इव्हेंटहँडलर' तयार मिळतो.

(स्क्रीनवर)
पब्लिक इव्हेंट इव्हेंटहँडलर<तुटीचीमाहिती> धागातुटला;
धागातुटला?.इन्व्होक(धिस, माहिती);

ते प्रश्नचिन्ह विसरू नका. एकही हँडलर जोडलेला नसेल तर तिथे नल (म्हणजे काहीच नाही) असतं, आणि प्रश्नचिन्हाशिवाय प्रोग्रॅम कोसळतो.

हँडलर जोडायचा तर +=, सोडवायचा तर -=. पहिल्या ओळीतला 'इव्हेंट' काढला तरी कोड चालतो. पण मग बाहेरचा कुणीही += ऐवजी नुसतं = लिहील आणि आधी जोडलेले सगळे हँडलर उडतील. किंवा धागा शाबूत असताना बाहेरूनच इन्व्होक करेल. 'इव्हेंट' लिहिलं की बाहेरच्यांच्या हातात फक्त += आणि -= राहतं, बाकी कंपायलर अडवतो. म्हणून तो शब्द गाळू नकाच.

हँडलर एकामागून एक, त्याच थ्रेडवर चालतात. मेसेज पाठवणारा अडकला की पुढचे सगळे खोळंबतात. एकाने एक्सेप्शन टाकलं, तर नंतरच्यांना हाकच जात नाही.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. माग ऑब्जेक्ट दिवसभर जिवंत असतो. नोंदीची स्क्रीन बंद केली, पण -= केलं नाही, तर मागाकडे तिचा रेफरन्स राहतो आणि गार्बेज कलेक्टर (नको असलेली ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारा) तिला उचलत नाही. तीच स्क्रीन चार वेळा उघडून बंद करा, पाचव्यांदा उघडा: एका तुटीच्या पाच नोंदी पडतील. डेटाबेसमध्ये दुहेरी-तिहेरी नोंदी दिसल्या, तर आधी इथेच बघा.

आणि लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेली बिननावाची मेथड) जोडला असेल, तर -= पुढे तसाच लॅम्डा पुन्हा टाइप करून तो सुटत नाही. कंपायलरला ते दोन वेगळे वाटतात, आणि एररही येत नाही. नाव असलेली मेथड जोडा, किंवा लॅम्डा फील्डमध्ये ठेवा, आणि त्या स्क्रीनच्या डिस्पोजमध्ये (शेवटची आवराआवर करणाऱ्या मेथडमध्ये) तोच सोडवा.