न फुललेल्या दिवसांची बाग

बागेवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वर्षभर फुलणारं एखादं झाड सांगा. मी सांगतेही. सदाफुली लावा, जास्वंद लावा. भरपूर ऊन दिलंत तर दोघीही तक्रारीला फारशी जागा ठेवत नाहीत. पण मनातलं सांगायचं तर बाराही महिने तीच फुलं तशीच दिसणारी बाग थोड्याच दिवसांत दिसेनाशी होते. ती असते जागेवरच, आपलं तिच्याकडे बघणं सुटतं.

जास्वंदीचंच घ्या. फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत गुंडाळून घेतं आणि दुसऱ्या दिवशी गळतं. ती कळी मात्र त्याआधी कितीतरी दिवस झाडावर भरत असते. म्हणजे झाडाच्या वर्षाचा हिशेब मांडला तर फूल हा त्यातला अगदी छोटा भाग. उरलेल्या दिवसांत झाड काय करत असतं हे दिसायला लागलं की बागकामाची खरी गोडी लागते, असं माझं मत आहे. फुलांचा आनंद तर कोणालाही होतो. तो रस्त्यावरून जाणाऱ्यालाही मिळतो. बाग करणाऱ्याच्या वाट्याचा जो आनंद आहे, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

सुरुवात पावसाळ्यापासून करू, कारण बागेचं वर्ष खरं तिथून सुरू होतं. हवेत ओलावा असतो, त्यामुळे छाटकलमं जगतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी कापायची, खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्यायचा, वरची एक-दोन पानं ठेवून बाकीची काढायची आणि ती काडी सावलीत, ओलसर पण पाणी न साचणाऱ्या मातीत खोचायची. मग हात आवरायचा. मुळं फुटली का हे बघायला काडी उपटणारे लोक मी पाहिले आहेत. बागेतल्या सगळ्या किडींपेक्षा हे जास्त नुकसान करतात. नवं पान आलं म्हणजे मुळं आलीच असंही नाही. काडीत साठवलेल्या अन्नावर एखाद-दोन पानं फुटू शकतात. थांबायचं.

याच दिवसांत तेरडा फुलतो. फुलं बघून झाली की त्याच्या शेंगांकडे जरूर बघा. हिरवी, फुगीर, बारीक लव असलेली शेंग. ती किंचित पिवळसर पडली की बोटाच्या चिमटीत हलकेच धरा. आतून काहीतरी वळवळल्यासारखं वाटतं आणि क्षणात शेंगेच्या पाच फाका गर्रकन आत वळतात, बिया उडतात. वाढताना शेंगेच्या भिंतींत ताण साठत गेलेला असतो आणि आपल्या स्पर्शाने तो सुटतो. लहान मुलांना बागेत आणायचं असेल तर गुलाब दाखवू नका, हे दाखवा. मोठ्यांनाही एकीवर थांबता येत नाही, हा अनुभव आहे.

आता शेवंती. तिच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

भर पावसात शेवंती नुसती पानंच पानं असते. नवखा माणूस खत घालतो, कुंडी हलवतो, रुसतो. आणि मग दिवस लहान व्हायला लागले की त्याच झाडावर शेंड्याशेंड्याला मुगाएवढ्या कळ्या दिसू लागतात. थंडी पडली म्हणून असं होतं, असा समज असतो. तापमानाचा थोडा हात असतोही. पण मुख्य इशारा वेगळाच आहे.

तो इशारा कळला तंबाखूमुळे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे दोन संशोधक तंबाखूच्या एका वाणाने चक्रावले होते. शेतात तो उन्हाळाभर नुसता वाढायचा, माणसाच्या डोक्यावर जायचा, पण फुलायचा नाही. तोच हिवाळ्यात काचघरात नेला की छोटा असतानाही फुलायचा. त्यांनी खत, ऊब, ओल, सगळं तपासून पाहिलं. शेवटी भर उन्हाळ्यात काही रोपं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवायला सुरुवात केली, म्हणजे त्यांच्यापुरता दिवस लहान केला. रोपं फुलली. हे काम १९२० साली प्रसिद्ध झालं. झाड दिवसाची लांबी मोजतं, ही तोपर्यंत फारशा कोणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट होती.

पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर या संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकलं. दिवसाच्या मधेच थोडा वेळ अंधार केला तर शेवंतीसारख्या, दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या झाडाला फरक पडत नाही. रात्रीच्या मधे मात्र थोडा वेळ दिवा लावला की फुलणं थांबतं. म्हणजे झाड मोजतं ती रात्र, आणि तीही सलग रात्र. हे मोजमाप पानात होतं. पानात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. तांबडा प्रकाश पडला की ते एका रूपात जातं, अंधारात हळूहळू परत फिरतं. पान रात्र मोजतं आणि शेंड्याकडे निरोप धाडतं: आता पानं पुरेत, कळ्या कर.

ही नुसती माहिती म्हणून सांगत नाही. तुमची शेवंती फुलत नसेल तर खताच्या पिशवीकडे जाण्याआधी रात्री एकदा तिच्याजवळ जाऊन उभे राहा. फाटकावरचा दिवा, रस्त्याचा खांब, शेजारच्या जिन्यातला रात्रभर जळणारा बल्ब, यातलं काही तिच्या पानांवर पडतंय का? पडत असेल तर तिच्या लेखी रात्र झालेलीच नाही. कुंडी अंधारात सरकवा, बस. फुलांची शेती करणारे हीच युक्ती उलटी वापरतात. शेवंती उशिरा हवी असेल तर मध्यरात्री काही वेळ दिवे लावतात. लवकर हवी असेल तर संध्याकाळपासून सकाळपर्यंत काळं कापड पांघरतात. लांब रात्री सुरू झाल्यापासून फूल उमलायला, वाणाप्रमाणे, साधारण सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणून एकाच वाफ्यातल्या दोन शेवंत्या एकाच दिवशी फुलल्या नाहीत तर त्यात कोणाचा दोष नसतो.

हे कळल्यावर वाट बघण्याची चव बदलते, हे मला सांगायचं आहे. आधी आपण झाड 'कधी फुलणार' म्हणून वाट बघत असतो. नंतर आपणही रात्री मोजायला लागतो. सूर्य मावळायची वेळ रोज थोडी अलीकडे येते आहे हे कॅलेंडर न बघता कळतं, कारण त्यावर कोणाचं तरी काम अडलेलं असतं.

शेवंतीच्या बाबतीत आपल्या हातात एकच मोठी गोष्ट आहे, शेंडा खुडणं. शेंड्यात ऑक्सिन हे संप्रेरक तयार होतं आणि ते खाली उतरताना बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे फुटवा निघायच्या जागांना, दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब सुटतो, प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवे निघतात. जितके फुटवे तितके शेंडे, तितकी फुलं. रोप वीतभर झालं की खुडा, फुटवे वाढले की पुन्हा खुडा. दिवस लहान होऊ लागले की मात्र थांबा, नाहीतर कळ्याच खुडून बसाल. वाढत्या रोपाचा शेंडा तोडताना हात कचरतो. पहिल्यांदा सगळ्यांचाच कचरतो.

हिवाळा हा बागेचा मिरवायचा ऋतू, म्हणून मी त्याच्यावर कमी बोलणार आहे. पिटुनिया, फ्लॉक्स, डायँथस, कॅलेंडुला, हंगामी फुलांची सगळी जत्रा याच दिवसांत भरते. एकच सूचना: पिटुनियाचं बी धुळीइतकं बारीक असतं. बारीक वाळूत मिसळून मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही. त्याला रुजायला उजेड लागतो. याच सुमारास गुलाबाची छाटणी येते. धारदार कात्री, बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, त्याच्या किंचित वर तिरका काप. डोळा बाहेरच्या दिशेचा निवडला की नवी फांदी बाहेर जाते, झाडाचं पोट मोकळं राहतं, हवा खेळते, बुरशी कमी येते. छाटलेलं झाड काही दिवस अगदी बापुडवाणं दिसतं. मग काड्यांवर तांबूस ठिपके उमटतात, दीड-दोन महिन्यांत फुलं. त्या तांबूस ठिपक्यांसाठी मी सकाळचा चहा बाहेर घेते. फुलं आल्यावर घरात घेतला तरी चालतो. आणि कलमी गुलाबात डोळा भरलेल्या, म्हणजे कलम जोडलेल्या, जागेच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम केलं त्या खालच्या झाडाचा आहे, दया दाखवू नका, मुळाशी ओरबाडून काढा. नाहीतर दोन वर्षांनी गुलाब जाईल आणि खुंट राहील.

हवा उबदार व्हायला लागली की कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. लगेच फवारणी करायची नाही, आधी भिंग घेऊन बघायचं. माव्याच्या माद्या नराशिवायही थेट पिल्लं देतात, म्हणून एवढ्या झपाट्याने वाढतात. त्यांच्या अंगातून झरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या येतात आणि बदल्यात त्यांची राखण करतात. थोड्या दिवसांत तिथे काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी अंगाची एक अळी दिसते. दिसायला इतकी भयंकर की बहुतेक जण आधी तिलाच चिरडतात. ती ढालकिड्याची अळी असते. तीच मावा फस्त करते. लाल पाठीचा गोंडस ढालकिडा सगळ्यांना आवडतो, त्याचं बालपण मात्र कोणी ओळखत नाही. मावा फारच झाला तर पाण्याचा जोरदार फवारा मारून खाली पाडा, बरेचसे परत वर चढत नाहीत.

उन्हाळा. लोकांना वाटतं बागेची सुट्टी. माझ्या मते बागेतला सगळ्यात श्रीमंत वेळ उन्हाळ्यातल्या संध्याकाळचा असतो. मोगऱ्याची तयारी हिवाळ्यातच करून ठेवलेली असते. पाणी तोडलेलं, फांद्या छाटलेल्या, मग खत-पाणी दिलेलं. कारण मोगरा नव्या फुटीवर फुलतो. दुपारी कळी टपोरी आणि पांढरी झालेली दिसली की त्या संध्याकाळी ती उमलणार. गुलबक्षीही दुपार कलल्यावर उघडते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५१ साली फुलांच्या उमलण्या-मिटण्याच्या वेळांवरून घड्याळाची कल्पना मांडली होती. ढग, ऊब आणि ठिकाण यांप्रमाणे वेळा मागेपुढे होतात, त्यामुळे त्यावर गाडी पकडू नका. पण दिवेलागणीला गुलबक्षीजवळ बसलात तर एक मोठा पतंग येण्याची शक्यता असते. तो फुलावर बसत नाही. हवेत जागच्या जागी तरंगत लांब सोंड नळीत घालतो, पुढच्या फुलाकडे सरकतो. रात्री वास सोडणारी इतकी फुलं पांढरी किंवा फिकी का, हे त्या अंधुक उजेडात वेगळं समजवावं लागत नाही.

पाणी सकाळी द्या, पानांवर न ओतता आळ्यात द्या, आणि देण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर देऊ नका. वर पालापाचोळ्याचा थर ठेवा. उन्हाळ्याचं एवढंच व्याकरण.

शेवट बियांचा. सुकलेली फुलं सतत खुडत राहिलात तर झाड पुन्हा फुलत राहतं, कारण बी धरणं हेच त्याचं काम आणि ते तुम्ही होऊ दिलेलं नसतं. त्यामुळे हंगामाच्या अखेरीला ठरवावं लागतं, फुलं हवीत की पुढचं वर्ष हवं. मी दर वाफ्यातली चार-पाच चांगली फुलं झाडावरच वाळू देते. वाळलेला झेंडू हातात घेऊन खालचा हिरवा पेला फाडा. आत सुईसारख्या काळ्या बिया दाटीने उभ्या असतात, टोकाला फिकट तुऱ्यासह. ज्याला आपण झेंडूचं एक फूल म्हणतो तो खरं तर असंख्य छोट्या फुलांचा झुबका असतो, आणि आपण जिला पाकळी म्हणतो ती त्यातलं एकेक छोटं फूल होती. बिया सावलीत वाळवा, कागदी पाकिटात ठेवा, वर नाव आणि तारीख लिहा. नाव लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही. आणि बी संकरित वाणाचं असेल तर पुढची पिढी आईसारखी निघेलच असं नाही. काहींना ते फसवणूक वाटते. मी ती रोपं मुद्दाम लावते. काय निघेल हे मलाही माहीत नसतं.

बोलणं पुरे झालं. टेबलावर शेवंतीची रोपं ठेवली आहेत, खुडायच्या बेताची. पुढे या, शेंड्याची दोन पानं धरा आणि अंगठ्याच्या नखाने तोडा. एकेकाने एकच शेंडा, म्हणजे सगळ्यांना पुरेल.