धुण्याआधी बघा: धरलेला पिस्टन काय सांगतो

रेसचं इंजिन धरलं, म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकला, की आपल्याकडे पहिलं काम ठरलेलं. सगळं खोलायचं, पेट्रोलमध्ये लख्ख धुवायचं आणि सिलिंडर बोअरिंगला, म्हणजे आतून कातून घ्यायला पाठवायचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) चोख करून देणारे हात भरपूर आहेत, त्याचा मला अभिमान आहे. पण इंजिन का तापलं हे सांगणाऱ्या खुणा त्या पेट्रोलबरोबर वाहून गेलेल्या असतात. मग नवा पिस्टनही तसाच जातो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खोललेली यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल घ्या. बोअर ५० मिमी. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. तापमान २०० अंशांनी वाढलं तर पिस्टनचा व्यास साधारण ०.२ मिमी वाढतो, बिडाची स्लीव्ह (सिलिंडरचं आतलं अस्तर) तेवढीच तापली तरी ०.११. आणि पिस्टन व सिलिंडरमध्ये आपण फट ठेवतो ती मिलिमीटरच्या शंभरातल्या चार-पाच भागांची! पिस्टन वर निमुळता आणि किंचित लंबगोल घासतात तो याचसाठी.

आता ओरखडे कुठे आहेत ते बघा. फक्त एक्झॉस्टच्या (धूर बाहेर जाण्याच्या) बाजूला असतील तर मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचा पहिला संशय घ्या. पिस्टन ज्या आडव्या पिनवर बसतो तिच्या दोन्ही अंगांना, चार कोपऱ्यांवर उभे पट्टे असतील तर गाडी थंड असतानाच पिळली किंवा फट कमी ठेवली. सगळीकडून ओरखडे आणि पिस्टन आतून कोरडा असेल तर तेल पोचलेलं नाही.

पिस्टनच्या डोक्यावर जास्त वेळ द्या. कडेला वाळूचा मारा केल्यासारखे बारीक खड्डे म्हणजे डेटोनेशन: ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण एकदम भडकलं. मधोमध वितळून भोक पडलं असेल तर बहुधा प्री-इग्निशन, म्हणजे ठिणगीच्या आधीच एखाद्या लालबुंद जागेने पेट घेतला. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या पोर्सलिनवर ॲल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले तर पिस्टन झिजू लागलाय, गाडी तिथंच थांबवा. पिस्टन उलटा करून डोक्याच्या खालच्या बाजूला करपलेल्या तेलाचा काळा डाग किती गडद आहे तेही बघा; जितका गडद, तितकं डोकं जास्त तापलेलं.

आपल्या भागातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्के विरळ. इथं काठावर लावलेला मेन जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी नळी) घेऊन चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात, तर तिथं हवा दाट मिळते, पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही आणि मिश्रण लीन होतं. खाली जाताना एक नंबर मोठा जेट खिशात ठेवा.

मोजमाप इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) तीन उंचींवर, दोन दिशांना लावा. बिडाच्या बोअरवर ॲल्युमिनियम फासलं गेलंय, म्हणजे बोअर खराबच झाला असं नाही. ते आधी काढा, मग मोजा. निकासिलचा (आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा दिलेला) सिलिंडर मात्र बोअरिंगला पाठवू नका, त्याला नव्याने प्लेटिंगच लागतं.

आणि टू-स्ट्रोक जोडल्यावर किक मारायच्या आधी इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये (सिलिंडरखालच्या क्रँकच्या पेटीत) पाच-सहा पीएसआय दाबाची हवा भरा. दाबमापकाचा काटा काही मिनिटं जागचा हलता कामा नये. उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा, मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूच्या क्रँकच्या सीलपासून सुरुवात करा. तिथून आत शिरणारी हवा कुठल्याही जेटने भरून निघत नाही.