मोटार भरली, बेअरिंग जुनंच: बिलावर हरकत कशी घ्यायची

राम राम मंडळी. आधी हे बघा.

(काळी चकती कॅमेऱ्याजवळ धरून)

ही आमच्या बोअरमधल्या साडेसात एचपीच्या सबमर्सिबल मोटारीतली थ्रस्ट बेअरिंगची, म्हणजे फिरत्या भागाचा भार पेलणाऱ्या बेअरिंगची, कार्बन चकती. अंगठा फिरवला की चर लागतात, आणि इथं कड उडालीय. आता हे बिल. यात लिहिलंय, ‘थ्रस्ट बेअरिंग नवीन’.

मागच्या रब्बीत हरभऱ्याला पाणी चालू असताना मोटार जळाली. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. तालुक्याला नेऊन मोटार भरून आणली, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळून घेतली. वाइंडिंग, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या), बेअरिंग धरून 11,200 रुपये झाले. बोअरमधून पाइप काढायची-सोडायची मजुरी वेगळी. अकराव्या दिवशी मोटार जाम! दुकानदार म्हणाला, व्होल्टेज कमी होतं, त्याला आम्ही काय करणार?

आपल्याकडं हे उत्तर चालून जातं, कारण व्होल्टेजचा त्रास खरा आहे. पण पहिल्यांदा मोटार उघडली तेव्हा माझ्या पोरानं मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. त्या फोटोतल्या चकतीची हीच कड उडालेली, आणि मोटार जाम झाल्यावर उघडली तर आत तीच चकती. म्हणजे बेअरिंग बदललंच नव्हतं. त्या एका फोटोनं माझी बाजू उभी राहिली.

म्हणून मोटार दुरुस्तीला टाकतानाच फोटो काढा. काय बदलणार, तार तांब्याची का, किती किलो, हे कागदावर लिहून घ्या. जुनी तार तुमची आहे. ती तुमच्यासमोर वजन करायला लावा, परत घ्या नाहीतर बिलातून तिचे पैसे वजा करून घ्या. जुनं बेअरिंग, जुने बुश मागून घ्या. बिल देत नसेल तर ती ग्राहक कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्याला सांगा.

आता अवघड जागा. काम पटलं नाही, पण पैसे दिल्याशिवाय मोटार सोडत नाही. 1872 च्या करार कायद्यात, कलम 170 मध्ये, केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे. काम नीट झालंच नाही तर तो हक्क चालत नाही, पण तो वाद मिटेपर्यंत वावरातलं पीक वाळून जाईल. माझं मत विचाराल तर पैसे द्या, फोन पेनं द्या, आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहा: ‘काम अपुरं, हरकत ठेवून रक्कम दिली’. खाली तारीख, सही.

पुन्हा बिघडली तर लगेच दुसरीकडं खोलू नका. आधी त्याच दुकानदाराला लेखी कळवा, बोलवा. नाहीच आला तर दुसऱ्या मिस्त्रीकडं व्हिडिओ चालू ठेवून उघडा आणि काय सापडलं ते त्याच्या सहीनं घ्या. मग पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टानं नोटीस. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, तिथंही तक्रार नोंदवा.

त्यानं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दुकान लातूरला असो की जालन्याला. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. शेतकरी ग्राहक नाही असं कुणी म्हटलं तर सांगा, 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं बियाण्याच्या प्रकरणात शेतकऱ्याला ग्राहकच मानलंय.

माझं प्रकरण नोटिशीवर आलं. दोन्ही वेळा मोटार उघडल्यावरचे फोटो सोबत जोडले होते. नवव्या दिवशी दुकानदारानं स्वतः फोन केला, मोटार नेली, माझ्यासमोर डब्यातून नवं बेअरिंग काढून बसवलं. पैसे घेतले नाहीत. पाइप दुसऱ्यांदा काढायला-सोडायला गेलेले 2,400 रुपये मात्र अजून दिले नाहीत. ते मी मागतोय. दुसरी नोटीस परवाच टाकली.