दगडाला मंद आच

(दृश्य : क्वार्नटॉर्पची टेकडी, वर चढत जाणाऱ्या पायऱ्या)

ही टेकडी माणसांनी रचलेली आहे. स्वीडनमधल्या क्वार्नटॉर्प इथला जवळजवळ 100 मीटर उंचीचा हा ढीग म्हणजे तेल काढून उरलेला शेल या पापुद्रेदार खडकाचा चुरा आणि राख. कारखाना 1966 साली बंद पडला, पण ढिगाच्या पोटातली धग अजून गेलेली नाही. वर शिल्पं मांडली आहेत, लोक फिरायला येतात.

आपली गोष्ट मात्र या ढिगाची नाही. याच परिसरात एके ठिकाणी खडक खणून बाहेर काढलाच नाही. तो होता तिथेच तापवला.

(दृश्य : हातात शेलचा तुकडा)

हा तुकडा नीट पाहा. काळा, पापुद्र्यांचा. यात तेल नाही, केरोजेन आहे : कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळात दबलेल्या शेवाळाचा आणि सूक्ष्म जिवांचा घट्ट झालेला अवशेष. जमिनीखाली पुरेशी उष्णता मिळाली असती, तर त्याचं आपोआप तेल झालं असतं. ती मिळाली नाही. राहिलेलं काम माणसाला करायचं होतं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं)

एप्रिल 1940. जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला आणि स्वीडनचा पश्चिमेकडचा सागरी मार्ग तुटला. बाहेरून तेल येईना. तेव्हा खडक जागच्या जागी तापवायची युक्ती घेऊन फ्रेडरिक यूंगस्ट्रॉम पुढे आले. वाफेची टर्बाइन आणि बॉयलरची हवा तापवणारं यंत्र बनवणारा हा माणूस. त्यांचं ते हवातापक यंत्र औष्णिक वीज केंद्रांत आजही फिरतं. उष्णता वाया जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट इथेही दिसतो.

(दृश्य : बोअरच्या मांडणीचं रेखाचित्र)

जमिनीखाली काय घडतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून हे रेखाचित्र. षटकोनाच्या कोपऱ्यांवर बोअर, त्यांत विजेचे हीटर. मधल्या बोअरमधून वाफा आणि वायू वर येणार. खडक उष्णता पुढे सरकवायला फार आळशी, त्यामुळे बोअर जवळजवळ, दोन-सव्वादोन मीटरवर घ्यावे लागले. वीज सोडायची आणि महिनोन्‌महिने थांबायचं. केरोजेन फुटतं, त्याची वाफ होते, वर आल्यावर ती थंड करून तेल गोळा करायचं. युद्ध संपलं, बाहेरचं स्वस्त तेल पुन्हा येऊ लागलं आणि या महागड्या तेलाची गरज हळूहळू सरली.

(दृश्य : पश्चिम कोलोरॅडो, पिआन्स खोऱ्याचे कडे)

आता अमेरिका. या कड्यांमधला शेल सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सरोवरांच्या तळाशी साचला. खडक खणून भट्टीत भाजण्याचे प्रयत्न इथेही झाले होते. 2 मे 1982 रोजी एक्सॉन या तेल कंपनीने आपला प्रकल्प अचानक गुंडाळला आणि दोन हजारांहून अधिक लोकांचं काम गेलं.

शेल याच नावाच्या तेल कंपनीने खणण्याचा नादच सोडला. कंपनीतल्या हॅरॉल्ड विनेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीटर खडकातच उतरवले. भट्टीत 500 अंशांच्या आसपास काही मिनिटांत उरकतं ते काम त्यांनी 340 ते 370 अंशांवर, काही वर्षांत व्हावं असं ठरवलं. दूध मंद आचेवर आटवतात तसं. घाई नसल्याचा फायदा थेट तेलात दिसतो : जड, चिकट भाग खडकातच राहतो आणि वर येतं ते हलकं, डिझेलच्या जवळचं तेल. माझ्या मते या तंत्राची सगळी खुबी या सबुरीत आहे.

(दृश्य : दवबर्फाने पांढरे झालेले पाइप)

आणि हे पाइप. आत आग, बाहेर बर्फ! तापणाऱ्या खडकात भूजल शिरलं तर उष्णता वाया जाणार आणि पाणीही बिघडणार. म्हणून सगळ्या क्षेत्राभोवती सुमारे अडीच मीटरवर बोअर घेऊन त्यांतून उणे 40 अंशांच्या आसपासचं थंड द्रावण फिरवलं. बोअरभोवतालची जमीन गोठत गेली, गोठलेले भाग एकमेकांना भिडले आणि जमिनीखाली बर्फाची भिंत उभी राहिली. चाचणीत ती उभी राहते, हे दिसलं.

2004-05 च्या चाचणीत, टेनिस कोर्टापेक्षाही लहान, साधारण 9 बाय 12 मीटरच्या तुकड्यातून सुमारे 1,700 बॅरल तेल निघालं. घातलेल्या ऊर्जेच्या तीन-चारपट ऊर्जा परत मिळते, असा कंपनीचा हिशेब होता. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने 2005 मध्ये दुसरा हिशेब मांडला : रोज एक लाख बॅरल हवे असतील तर सुमारे 1,200 मेगावॉटचं वीज केंद्र याच कामाला जुंपावं लागेल. ते कोळशावर चाललं तर हवेत किती कार्बन जाईल, हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर 2013 मध्ये शेल कंपनीने इथून काढता पाय घेतला.

(दृश्य : दा नांग विमानतळ, झाकलेला मातीचा प्रचंड ढीग)

जमीन विजेने तापवण्याची विद्या मात्र वाया गेली नाही. व्हिएतनाममधल्या दा नांग विमानतळावर युद्धकाळातल्या एजंट ऑरेंज या झाडंझुडपं मारणाऱ्या रसायनामुळे माती डायॉक्सिनने विषारी झाली होती. ती उपसून ढीग रचला, त्यात हीटर उतरवले आणि माती किमान 335 अंशांपर्यंत तापवली. या तापमानाला डायॉक्सिनचा बहुतेक भाग जागीच नष्ट होतो, उरलेला वाफेबरोबर ओढून घेऊन वेगळा साफ केला जातो. हे काम दोन टप्प्यांत झालं आणि दुसऱ्या टप्प्यातली माती तापवून झाली ती 2017 मध्ये.